शिवाशिवीच्या मैदानावर तीन दिवस

परदेशी शिकायला गेलेल्या मुलीला घरून फोनवर विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. जेवलीस का, नमाज होते का, थंडी फार आहे का, खोलीवर सोबत कोण आहे. मी सिडनीला शिकायला आले त्याला आता दोन वर्षे होतील. गेल्या मे महिन्यात माझ्या घरच्यांच्या यादीत एका नव्या प्रश्नाची भर पडली. हा टच फुटबॉल म्हणजे काय प्रकार आहे, आणि त्यासाठी शुक्रवारी दुपारी निघून रविवारी रात्री परत यायची काय गरज?

अम्मीला ‘टच’ या शब्दाचीच धास्ती वाटली होती. खालाने तर सरळच विचारले, “काय गो, मुलगेही असतात काय त्यात?” दोघींचे प्रश्न रास्त होते. हा लेख लिहायचे कारणही तेच. आपल्या समाजातल्या मुली आता शिक्षणासाठी दूर जातात, तिथे अभ्यासाबरोबर क्लब असतात, सहली असतात, खेळ असतात. घरच्यांना ‘हो’ म्हणायचे की ‘नाही’ हे ठरवताना आत नेमके काय असते ते माहीत नसते. मला जे दिसले, ते सांगते.

आधी खेळ. टच फुटबॉल म्हणजे आपली शिवाशिवी, फक्त हातात चेंडू घेऊन खेळायची. चेंडू लंबगोल, रग्बीसारखा. एका बाजूला मैदानात ६ खेळाडू, मैदान ७० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद. चेंडू हातात घेऊन पुढे धावायचे, पण सोबतीणीला फेकायचा तो मागच्या बाजूलाच. समोरच्या संघातल्या कोणी हलकेच शिवले की थांबायचे, चेंडू त्याच जागी जमिनीवर ठेवून दोन पायांमधून मागे सोडायचा आणि पुन्हा सुरू. असे ६ वेळा शिवले गेले की चेंडू समोरच्या संघाला. पलीकडच्या रेषेपार चेंडू टेकवला की १ गुण. पाडापाडी नाही, धक्काबुक्की नाही, लाथाळी नाही. रग्बी लीग खेळणाऱ्यांनी सरावासाठी काढलेला हा प्रकार सिडनीच्या दक्षिण भागात रुजला, १९६८ मध्ये तिथे पहिला क्लब झाला, आणि आता ऑस्ट्रेलियात शाळेतल्या मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे तो खेळतात. १९८८ पासून त्याचे विश्वचषकही होतात.

मी दापोली तालुक्यातल्या शाळेत खो-खो खेळले आहे. डावीकडे अंग झुकवून उजवीकडे निसटायचे, पाठलाग करणारीच्या पायाकडे बघायचे, हाताकडे नाही, हे सगळे तिथे शिकलेले. विद्यापीठाच्या मैदानावर पहिल्या दिवशी या मुलींना धावताना पाहिले तेव्हा वाटले, हे तर आपल्याला येते. पंधरा दिवसांत मी महिला संघात विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळू लागले.

कपड्यांचा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा सोपा निघाला. पूर्ण बाह्यांचा घट्ट न बसणारा सदरा, त्यावर संघाची जर्सी, खाली पायघोळ ट्रॅक पँट आणि डोक्याला खेळाडूंसाठी मिळतो तो बिनपिनांचा हिजाब. एके काळी फुटबॉलमध्ये डोके झाकण्यावरून वाद होते. फिफाने २०१४ मध्ये परवानगी दिली, बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये. टचमध्ये रेफरी सामन्याआधी दोनच गोष्टी बघतात, अंगावर दागिना नाही ना आणि नखे कापलेली आहेत ना. लांब नखांनी दुसऱ्याला ओरखडा येऊ नये म्हणून. अम्मीला हे सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा हसली. लहानपणी दर जुम्म्याला नखे कापायला ती आमच्या मागे लागायची.

आता खालाच्या प्रश्नाकडे येते. हो, मुलगेही असतात. टचमध्ये पुरुषांचे संघ असतात, स्त्रियांचे असतात आणि मिश्र संघही असतात. मिश्र संघात मैदानावर एका वेळी जास्तीत जास्त ३ पुरुष. तिथे हा मिश्र प्रकार फार आवडीचा आहे, आमच्या क्लबचाही मिश्र संघच जास्त मजबूत. आणि मिश्र संघात समोरचा मुलगा मला शिवणार, मी त्याला शिवणार, हे आलेच.

आपल्या कोकणात बहुतेक घरे शाफई मसलकाची. आपल्याकडे परपुरुषाच्या त्वचेचा थेट स्पर्श झाला तर वुजू तुटतो. हनफी मसलकात तेवढ्याने वुजू जात नाही. पण माझ्या मनात प्रश्न वुजूचा नव्हता. वुजू काय, पुन्हा करता येतो. प्रश्न हयेचा होता. ज्या खेळाचा नियमच एकमेकांना शिवण्याचा आहे, तो मी मुलांबरोबर खेळणार नाही, एवढे माझे मला स्पष्ट होते. स्त्रियांच्या संघात खेळेन.

अब्बांनी आयुष्याची बरीच वर्षे जहाजावर काढली. त्यांना मी हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी खेळाबद्दल फारसे विचारले नाही. ते म्हणाले, “तुझं ठरलंय ते त्यांना आधी सांगून ठेव. जहाजावर चढल्याच्या पहिल्या दिवशी कुकला सांगायचं की मी अमुक खात नाही. तो लक्षात ठेवतो. सहाव्या दिवशी ताट पुढे आल्यावर सांगितलं, तर त्याला तो नखरा वाटतो.”

म्हणून फेब्रुवारीत नाव नोंदवतानाच मी क्लबच्या सेक्रेटरीला सांगितले की मी फक्त महिला संघात खेळेन, दारू असेल तिथे संध्याकाळी बसणार नाही आणि दिवसातून काही वेळा मला दहा मिनिटे लागतील. ती शेवटच्या वर्षाला फिजिओथेरपी शिकणारी, स्वभावाने सरळ मुलगी. तिने वहीत लिहून घेतले आणि विचारले, “आणि केळी चालतात ना? आमचं सगळं केळ्यांवरच चालतं.”

स्पर्धा कॉफ्स हार्बरला होती. सिडनीपासून उत्तरेला साधारण ५३० किलोमीटर, समुद्रकाठचे गाव. २०१५चा टचचा विश्वचषक तिथेच झाला होता. आम्ही वीसएक जण दोन मिनीबसमधून शुक्रवारी दुपारी एक वाजता निघालो. जोहर विद्यापीठाच्या प्रार्थनाकक्षात पुरी पढून घेतली होती. न्यूकॅसलच्या पुढे साडेतीनच्या सुमारास डिझेलसाठी गाडी थांबली, तिथे पंपामागच्या गवतावर असर.

आमच्या संघात आणखी एक मुसलमान मुलगी होती, मलेशियाची. मलेशियात टच बराच खेळतात, २०१९चा विश्वचषक तिथे झाला, याचा तिला मोठा अभिमान. मलेशियातले मुसलमानही बहुतांशी शाफई, त्यामुळे आमच्या दोघींच्या नमाजचा हिशेब एकच. प्रवास साधारण ८० किलोमीटरच्या पुढचा आणि मुक्काम थोड्या दिवसांचा, म्हणजे कसर. जोहर, असर आणि इशाच्या चार रकातींच्या दोन होतात, फजर दोनच आणि मगरिब तीनच राहतात. शिवाय शाफई मसलकात प्रवासात जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढायची सवलत आहे. हनफी भावंडे कसर करतात, पण प्रत्येक नमाज तिच्या वेळेलाच पढतात. मे महिन्यात तिथे पाच वाजताच सूर्य मावळतो. मगरिबची वेळ गाडीतच झाली, तेव्हा इशाबरोबर पढायची नियत केली आणि आठला मुक्कामी पोहोचल्यावर दोन्ही एकत्र पढलो.

मुक्काम छोट्या छोट्या लाकडी घरांचा होता. मुलींची दोन घरे, मुलांची दोन, मध्ये शेकोटीची जागा. दाराला आतून कडी होती, पांघरुणे स्वच्छ होती, आणि रात्री दहानंतर आवाज नको असा मालकाचा फलक होता. हे मुद्दाम लिहिते, कारण अम्मीने हेच तीन प्रश्न त्याच क्रमाने विचारले होते.

शनिवारी सकाळी मैदानावर गेलो तर एका ओळीत अनेक मैदाने आखलेली, तंबू ठोकलेले, सगळीकडे रंगीबेरंगी जर्सी. एका बाजूला पावात सॉसेज घालून विकत होते. आम्ही दोघी उकडलेली अंडी, पाव आणि केळ्यांवर होतो. सकाळच्या दोन सामन्यांत महिला संघ एक जिंकला, एक हरला.

जोहरच्या वेळी मैदानाच्या टोकाला एका झाडाखाली गेलो. पाण्याच्या बाटलीतून वुजू केला. पैगंबर मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत असे हदीसमध्ये येते, आणि मुद्द म्हणजे जोडलेल्या दोन हातांची भरलेली ओंजळ. घरी नळ मोकळा सोडून वुजू करणाऱ्या मला हे तिथे कळले की तेवढे पाणी खरेच पुरते. किब्ला तिथून जवळजवळ पश्चिमेला. आमच्या गावातही पश्चिमेलाच. फरक एवढाच की गावात किब्ल्याकडे तोंड केले की पुढे समुद्र असतो, आणि इथे समुद्र पाठीमागे होता.

दुपारी मिश्र संघाच्या एका मुलीचा पाय मुरगळला. दुसरीच्या बोटाला चेंडू लागून सूज आली होती. मिश्र संघासाठी चारच मुली नेमलेल्या, त्यातल्या दोन राहिल्या. त्या दोघींपैकी एक ती मलेशियाची मुलगी. पुढचा सामना तासाभराने, आणि तो जिंकला तरच त्यांची पुढची फेरी.

सेक्रेटरीने सगळ्या मुलींना गोल उभे केले आणि विचारले, “तिसरी कोण येतंय?” कोणीच बोलेना. मग तिने माझ्याकडे पाहिले. “तू सगळ्यात वेगाने धावतेस. फक्त एक सामना. प्लीज.”

मी म्हटले, “मी नाही येऊ शकत. मी सांगितलं होतं.”

मिश्र संघातला एक मुलगा मागून म्हणाला, “पण ती खेळते ना?” त्याने मलेशियाच्या मुलीकडे हात केला. त्याचा सूर वाईट नव्हता, त्याला खरेच कळत नव्हते. धर्म एक, मसलक एक, डोक्याला रुमाल दोघींच्या, मग एकीला चालते आणि दुसरीला नाही, हे कसे?

तेवढ्या वेळात समजावण्यासारखे ते नव्हते. मी पुन्हा एकदा ‘नाही’ म्हटले. माझा आवाज थोडा कापला असेल. शेवटी पहिल्या वर्षाची एक मुलगी पुढे आली. तिला खेळात येऊन तीनच आठवडे झाले होते. चेंडू धरताना अजून डोळे मिटायची. ती म्हणाली, “मी जाते.”

तो सामना मी कडेला उभी राहून पाहिला. ती पोर जीव तोडून धावली. शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत बरोबरी होती. मग समोरच्या संघाला कच्ची बाजू सापडली. त्यांनी दोनदा तिच्याच कडेने चेंडू आणला, दोनदा ती एक पाऊल मागे पडली आणि दोनदा चेंडू रेषेपार टेकला. दोन गुणांनी हार, मिश्र संघ स्पर्धेबाहेर. ती मैदानातून बाहेर आली आणि टॉवेलमध्ये तोंड घालून रडली.

माझ्या ‘नाही’ची किंमत मी एकटीने मोजली असती तर मला फार काही वाटले नसते. ती किंमत त्या पोरीने मोजली, हे मला टोचत होते. आपण नाही म्हणतो तेव्हा त्याचा भार कुठेतरी दुसऱ्यावर जातो. याचा अर्थ नाही म्हणू नये असा नाही. पण तो भार दिसायला हवा. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. काय बोलावे सुचेना, म्हणून बर्फाची पिशवी आणून तिच्या गुडघ्यावर धरली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “मलाही जायचं नव्हतं गं. मुलांबरोबर खेळताना मी अंग चोरते. पण मला तुझ्यासारखं सांगता आलं नाही.”

ती मुसलमान नव्हती. सिडनीच्या बाहेरच्या एका शेतकरी घरातली मुलगी. तिच्या या वाक्यावर मी अजून विचार करते.

संध्याकाळी अर्धा संघ गावातल्या बारमध्ये जाणार होता. बाकीच्यांना आमच्यातल्या एका पंजाबी मुलीने घरी जेवायला बोलावले. कॉफ्स हार्बरच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर वुलगूल्गा नावाचे गाव आहे. तिथे शिखांची मोठी वस्ती आहे. १९४०च्या दशकापासून पंजाबातून आलेली माणसे तिथल्या केळीच्या बागांत राबली, पुढे त्यांनी जमिनी घेतल्या, आणि आता बरेच जण ब्लूबेरी पिकवतात. ऑस्ट्रेलियातला पहिला गुरुद्वारा १९६८ मध्ये याच गावात उभा राहिला. आपल्याकडे कोकणातली माणसे पोटासाठी आखातात आणि आफ्रिकेत गेली, तशी ही जालंधरकडची माणसे इथे आली.

त्या मुलीची आजी दारातच उभी होती. माझ्या डोक्याकडे बघून तिने पहिले वाक्य बोलले ते हे, की पुत्तर, आमच्या घरात मांस नाही, दारू नाही, निश्चिंत जेव. दाल, साग, गरम रोट्या आणि खीर. दीड दिवस केळी आणि पाव खाऊन काढलेल्या माणसाला ती रोटी काय वाटली असेल ते सांगायला नको. माझी मोडकी हिंदी आणि तिची पंजाबी असा आमचा संवाद चालला. ती म्हणाली, तिची आई सांगायची की १९४७ला शेजारचे मुसलमान घर रातोरात निघाले, तेव्हा जाताना त्यांनी आपली म्हैस यांच्या दारात बांधली. आईने ती म्हैस शेवटपर्यंत विकली नाही. एवढेच सांगून ती रोट्या लाटायला आत गेली.

सेक्रेटरी बारमध्ये गेली नव्हती, आमच्याबरोबर आली होती. जेवण झाल्यावर अंगणात ती माझ्याजवळ येऊन बसली. मलेशियाची मुलगीही होती. सेक्रेटरीने सरळ विचारले, “मला खरंच समजून घ्यायचंय. तुमच्या दोघींपैकी बरोबर कोण?”

आधी ती मलेशियाची मुलगी बोलली. ती म्हणाली, “मी शाळेपासून मिश्र संघात खेळतेय. पूर्ण बाह्या घालते, हातमोजे घालते, मनात वावगं नसतं, आणि नमाजआधी वुजू परत करते. माझ्या घरात हे चालतं. हिच्या घरात, हिच्या मनात चालत नाही. उद्या मी अल्लाहसमोर उभी राहीन तेव्हा हिचा हिशेब मला विचारणार नाहीत.” मग ती थोडी थांबून म्हणाली, “पण दुपारी माझं नाव घेऊन हिला ढकललं गेलं, ते मला आवडलं नाही.”

तिच्या मताशी मी सहमत नाही. तेव्हाही नव्हते, आताही नाही. पण तिने जे शेवटी म्हटले ते मला सख्ख्या बहिणीसारखे वाटले. आपल्याकडे असे पुष्कळदा होते की एका मुसलमानाचे उदाहरण देऊन दुसऱ्याला गप्प बसवले जाते. तो करतो, मग तू का नाही? अशा वेळी पहिल्याने उठून ‘माझे उदाहरण यासाठी वापरू नका’ म्हणणे, ही फार मोठी मदत असते.

मी सेक्रेटरीला म्हटले, “ही मर्यादा मी घरून निघतानाच आखली आहे. गुणफलक बघून ती सरकवली, तर पुढे परीक्षेसाठी सरकवावी लागेल, मग नोकरीसाठी. मग ती माझी उरणार नाही.”

ती गप्प राहिली. मग म्हणाली, “तू फेब्रुवारीतच सांगितलं होतंस. माझ्या वहीत आहे. सगळ्यांसमोर मी तुला विचारायला नको होतं.” आणि लगेच पुढे म्हणाली, “पण तू असतीस तर आम्ही आज जिंकलो असतो, हेही खरं आहे.”

“हो, खरं आहे,” मी म्हटले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोघींनी त्या मोकळेपणी बोलून दाखवल्या, म्हणून त्या रात्री झोप लागली.

झोपायच्या आधी अम्मीला फोन केला. तिच्याकडे दुपारचे साडेचार वाजले होते. सगळे सांगितले. तिला त्या रडणाऱ्या मुलीची जास्त काळजी वाटली. “तिला उद्या काहीतरी शिकव,” ती म्हणाली. “नुसतं बरं वाटून घेऊ नकोस.”

म्हणून रविवारी फजरनंतर उजाडल्यावर मी त्या मुलीला उठवले. घरांसमोरच्या ओल्या गवतावर तिला खो-खोची हूल शिकवली. खांदा डावीकडे टाकायचा, नजर डावीकडे ठेवायची आणि पाय उजवीकडे काढायचा. समोरची ज्या पायावर भार देते, त्याच्या उलट बाजूने जायचे. दहा-बारा वेळा ती घसरली. मग एकदा जमले आणि ती मोठ्याने हसली.

महिला संघाने सकाळचा सामना जिंकला आणि उपांत्य फेरीत एका गुणाने हरला. दुसऱ्या विंगला तीच खेळत होती. एकदा तिने ती हूल वापरली, समोरची पार उलट्या बाजूला गेली, आणि ही रेषेपासून दोन मीटरवर शिवली गेली. गुण मिळाला नाही. तरी आमच्या तंबूतून जो आवाज उठला तो गुण मिळाल्यासारखाच होता. आदल्या दिवशी ‘ती खेळते ना?’ विचारणारा मुलगाही टाळ्या वाजवत होता.

परतीच्या वाटेवर बहुतेक जण झोपले होते. मी हजरत आयेशा (रजि.) यांच्या शर्यतीचा विचार करत होते. हदीसमध्ये येते की एका प्रवासात पैगंबर (स.) त्यांच्याबरोबर पळण्याची शर्यत लावतात आणि त्या जिंकतात. पुढे कधीतरी अंग भरल्यावर पुन्हा शर्यत होते, तेव्हा ते जिंकतात आणि हसून म्हणतात की ही त्या वेळची परतफेड. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला फक्त शर्यत दिसायची. आता त्यातली आणखी एक गोष्ट दिसते. शर्यतीआधी त्यांनी सोबतच्या लोकांना पुढे निघायला सांगितले होते. म्हणजे खेळ होता आणि मर्यादाही होती. खेळासाठी मर्यादा टाकली नाही, मर्यादेसाठी खेळ टाकला नाही. दोन्हीसाठी जागा केली.

काही जण म्हणतील, मैदानावर पुरुष रेफरी असतात, बघणारे असतात, मग महिला संघात तरी कशाला खेळायचे? आमच्याच नात्यात असे म्हणणारे आहेत आणि त्यांचा मी आदर करते. ज्याने त्याने आपल्या उलेमांना विचारून, आपल्या घरात बसून ठरवावे. माझे म्हणणे एवढेच की ते घरात बसूनच ठरवावे. मुलीला न विचारता परस्पर ठरवू नये, आणि मुलीनेही घरच्यांपासून लपवून ठरवू नये.

सहलीनंतर क्लबच्या बैठकीत सेक्रेटरीने नावनोंदणीचा कागद बदलला. आता त्यावर एक नवा रकाना आहे. आपण कोणत्या संघात खेळाल, फक्त महिला, फक्त मिश्र की दोन्ही? कारण विचारलेले नाही, फक्त खूण करायची. पुढच्या नोंदणीत ‘फक्त महिला’ या रकान्यात माझ्याशिवाय आणखी चार मुलींनी खूण केली. त्यातली एकही मुसलमान नव्हती. त्या दिवशी गोलात उभ्या राहून गप्प बसलेल्यांपैकीच त्या होत्या, आणि ती पहिल्या वर्षाची मुलगीही. मिश्र संघासाठी क्लबने मग आणखी मुली शोधल्या, आणि त्या मिळाल्या.

ज्या घरांतून मुली बाहेर शिकायला निघाल्या आहेत त्यांना मी काही उपदेश करण्याइतकी मोठी नाही. पण निघण्याआधी एक संध्याकाळ काढून बसा, एवढे मात्र सांगेन. काय खायचे नाही, कुठे बसायचे नाही, काय खेळायचे आणि कोणाबरोबर, हे मुलीच्या तोंडून ऐका. तुमचे मत सांगा, तिचे ऐकून घ्या. आणि तिथे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात ते तिने संबंधितांना सांगावे, हा आग्रह धरा. प्रवासाची नमाज कशी, जमा कशी, वुजूला पाणी कमी असेल तर काय, तयम्मुम कधी, हे तिला आधीच शिकवा. माझ्या वर्गातल्या काही मुली प्रवासात नमाज सोडतात, त्याचे कारण आळस नसते. कसरची सवलत त्यांना कोणी शिकवलेलीच नसते.

आणि एखादीने ठाम ‘नाही’ म्हटल्यामुळे तिचा संघ हरला, मैत्रिणी एक दिवस रुसल्या, असे कळले तर तिला फोनवर “कशाला गेलीस मग?” असे विचारू नका. तिने तिथे एकटीने बरेच काही सांभाळलेले असते. तिला विचारा, जेवलीस का. अल्लाह आपल्या सगळ्या मुलींना इल्म देवो, हिंमत देवो, आणि जिथे जातील तिथे चांगली सोबत देवो. आमीन.